सहीखालची पदवी आणि ड्युटी रोस्टरच्या तारखा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या सिस्टर १२० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ, त्याच्या तपासणीसाठी स्टाफच्या फायली लावताना त्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या हाताखालची एक स्टाफ नर्स वर्षभर नर्सेस नोट्समध्ये सहीखाली ‘बी.एस्सी. नर्सिंग’ लिहितेय. एचआरच्या फॉर्मवरही तेच आहे. फाइलमध्ये मात्र जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेचं, प्रमाणपत्र आणि त्यावरचंच रजिस्ट्रेशन. विचारलं तर म्हणाली, ‘पोस्ट बेसिकची दोन्ही वर्षं झालीत मॅडम, एकच विषय राहिलाय, विंटरला निघेल.’ (पोस्ट बेसिक म्हणजे जीएनएमनंतर करायची बी.एस्सी., विंटर म्हणजे हिवाळी परीक्षा.) तीन वर्षांपासून ती याच आयसीयूत पूर्णवेळ आहे, हाताला चांगली आहे, रात्रपाळीला कधी नाही म्हणत नाही. एचआरचं म्हणणं, निकाल लागेलच, आत्ता तपासणीच्या तोंडावर उकरून काढू नका. आता काय करावं?

सिस्टर, माझी ३१ वर्षं नर्सिंगमध्ये गेली. आधी वॉर्ड, मग आयसीयू, मग मेट्रनची खुर्ची, आणि आता रुग्णालयांच्या स्टाफ फायली तपासायचं काम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सहीखालची पदवी खटकण्यासारखी आहेच, पण मला त्याहून जास्त खटकलं ते ‘रात्रपाळीला कधी नाही म्हणत नाही’ हे वाक्य. त्यावर येतेच. आधी जे आजच्या आज करायचं ते.

तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन खरं आहे आणि चालू आहे, एवढं पक्कं करून घ्या. फाइलमधल्या झेरॉक्सवर विसंबू नका. मूळ प्रमाणपत्र हातात घ्या आणि नंबर कौन्सिलच्या नोंदीशी ताडून बघा. दर ५ वर्षांनी होणारं नूतनीकरण राहून गेलेल्या मुली मी चांगल्या नावाजलेल्या ठिकाणी पाहिल्यात; मूल लहान होतं, सासर-माहेर चालू होतं, तारीख निघून गेली. तो वेगळा दोष आहे आणि तो फी भरून, कागद जोडून निस्तरता येतो. रजिस्ट्रेशन ठीक निघालं, की मोठी चिंता मिटली. तुमच्या पेशंटला हात लावणारी बाई कायद्याने नर्स आहे. जीएनएम करून नोंद झालेली परिचारिका पूर्ण नर्स असते. तीन वर्षांची जीएनएम काय आणि चार वर्षांची बी.एस्सी. काय, नोंदणी दोघींचीही परिचारिका आणि प्रसविका म्हणूनच होते, आणि रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा पंप दोघींच्या हातात सारखाच चालतो. आपल्याकडे जीएनएमवाल्या मुलींच्या मनात जो कमीपणा भरवलाय ना, निम्मं खोटं त्यातून निघतं. पण तो विषय मोठा आहे.

रजिस्ट्रेशनच संशयाचं निघालं तर मात्र बाकी सगळं बाजूला. त्याच शिफ्टला तिला पेशंटपासून दूर करा, नर्सिंग सुपरिंटेंडंटना लेखी कळवा, आणि ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याचं नाव-वेळ लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल रुग्णालय चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. टायफॉइडच्या एका लहान मुलाला डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहून दिलं होतं. नर्सने वडिलांना लॅरिएगो, म्हणजे क्लोरोक्वीन, आणायला सांगितलं आणि ते शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्रताधारक नव्हती, कुठल्याच राज्याच्या कौन्सिलकडे तिची नोंद नव्हती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये भरपाई ठरली, आणि तिला कामावर ठेवणाऱ्या रुग्णालयाला जबाबदार धरलं गेलं.

अजून एक, संशय घेण्याआधी. नावं नीट बघा. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं आणि ओळखपत्रावर तिसरंच काहीतरी, अशी फाइल आपल्या महाराष्ट्रात रोजची आहे. मी सुरुवातीला बनावट समजून लाल फडकं लावलेल्या फायलींपैकी कितीतरी शेवटी विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्राचं एक पान जोडल्यावर सरळ झाल्या. आईचं नाव चुकलं, ‘दीपाली’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ कमी पडला, एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

आता पदवीकडे. खोटं लिहिणं आणि खोटा कागद लावणं, या दोन गोष्टी मी कायम वेगळ्या ठेवते. तुमच्या मुलीच्या फाइलमध्ये खोटा कागद नाही. तिने लिहिलं, आणि वर्षभर कुणी ‘दाखव’ म्हटलं नाही. म्हणजे तिने फसवलं आणि तुमच्या रुग्णालयाने फसवून घेतलं. एचआरचा तो फॉर्म एकदा काढून बघा. ‘शैक्षणिक अर्हता’च्या रकान्यातलं अक्षर तिचंच आहे का? हे मुद्दाम विचारतेय. एका रुग्णालयात मी चाळीसेक फॉर्म टेबलावर पसरले, तर हा एकच रकाना सगळीकडे एकाच निळ्या पेनने, एकाच गोलसर अक्षरात भरलेला. नाव-पत्ता मुलींच्या अक्षरात, खालच्या सह्या मुलींच्या, मधला रकाना तिसऱ्याचा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात एचआरच्या एका मुलाने रात्री बसून ‘स्टाफचं प्रोफाइल नीट’ केलं होतं. जिची पोस्ट बेसिकला ॲडमिशन झाली ती बी.एस्सी., जिने फॉर्म भरलाय तीही बी.एस्सी. मुलींना पत्ताच नव्हता. त्यातल्या एकीला मी विचारलं, ‘अगं, तू बी.एस्सी. कधी झालीस?’ ती हसून म्हणाली, ‘कोण, मी?’

तुमच्याकडे तसं झालं असेल तर प्रश्न तिचा राहत नाही, आणि एचआर ‘उकरू नका’ का म्हणतंय तेही कळेल. व्यवस्थापनाला भिंतीवरच्या तक्त्यात बी.एस्सी.चा आकडा मोठा दिसायला हवा असतो. पगार वाढवून बी.एस्सी. मुली आणण्यापेक्षा आहेत त्यांनाच कागदावर वर चढवणं स्वस्त पडतं.

अक्षर तिचंच निघालं, असं धरून पुढे जाऊ.

सहीखाली पदवी लिहायची ही पद्धत आपल्याकडे आली कुठून, मला आजवर कळलेलं नाही. बहुधा परदेशातल्या नर्सेसच्या नावापुढची अक्षरांची माळ बघून. नोट्समध्ये पाहिजे काय, तर नाव, पद, एम्प्लॉयी कोड, तारीख, वेळ. ती नोट लिहिणारी नोंदणीकृत नर्स होती आणि त्या वेळी त्या बेडला होती, एवढंच त्या सहीने सांगायचं असतं. पदवी सांगायला वैयक्तिक फाइल आहे. उद्या ग्राहक आयोगात केस उभी राहिली, तर समोरचा वकील तुमचं ‘ॲड्रेनॅलिन २.४० ला दिलं’ हे वाक्य खोडायला जाणार नाही. तो तिला विचारेल, ‘आपण बी.एस्सी. आहात का?’ ती नाही म्हणेल. मग तो म्हणेल, ‘सही करताना रोज एक असत्य लिहीत होता, तर वेळा खऱ्या लिहिल्या कशावरून?’ २.४० ला तिने खरंच ॲड्रेनॅलिन दिलं होतं, पेशंट तिने वाचवला होता, पण ते ऐकायला कुणी उरत नाही.

म्हणून आजपासून सगळ्याच स्टाफसाठी नियम करून टाका, की सहीखाली पदवी नाही. तिच्या एकटीसाठी नको, दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळेल. सिग्नेचर रजिस्टर नव्याने करा आणि नमुना सह्या परत घ्या.

जुन्या नोट्सना हात लावायचा नाही. हे ठळक अक्षरात समजा. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, मागच्या तारखेची दुरुस्ती नाही, पान बदलणं तर नाहीच. पदवीची थाप शिस्तभंगात निघेल. पेशंटच्या रेकॉर्डमध्ये मागाहून बदल केला तर तो वेगळाच गुन्हा होऊन बसतो, आणि तुम्ही त्यात भागीदार. त्याऐवजी तिच्या वैयक्तिक फाइलला एक टिपण लावा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हिच्या नोंदींमध्ये सहीखाली बी.एस्सी. नर्सिंग असा उल्लेख आहे, त्या काळात हिची नोंदणीकृत अर्हता जीएनएम होती, नोंदणी क्रमांक अमुक, ही बाब अमुक तारखेला लक्षात आली. खाली नर्सिंग सुपरिंटेंडंटची सही आणि आजची तारीख. बस्स.

आता त्या रात्रपाळीचं.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा नोंदणी झालेल्या जीएनएम नर्सेससाठीचा दोन वर्षांचा नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रम. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलचे तास १०० टक्के भरून द्यावे लागतात, असा भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम. आता गणित मांडा. तीन वर्षांपासून ती तुमच्याकडे पूर्णवेळ ड्युटीवर. त्याच तीन वर्षांत दोन वर्षांचं कॉलेज. तुम्ही अभ्यासरजा लिहिली नाहीत, डेप्युटेशन लिहिलं नाहीत. मग ती दिवसा होती कुठे?

इग्नूने नोकरीतल्या परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक चालवला, तो मान्यतेचा मार्ग होता. पण ‘विंटरला निघेल’ ही भाषा इग्नूची नाही. समर आणि विंटर हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातल्या मुलांचे शब्द. म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे ती रोज कॉलेजात जाणारी विद्यार्थिनी आहे.

मला तीन शक्यता दिसतात, आणि तिन्ही मी डोळ्यांनी पाहिल्यात.

पहिली, ती खरंच दोन्ही करतेय. रात्री आठ ते सकाळी आठ तुमच्याकडे, नऊच्या बसने कॉलेज, तीनला खोलीवर, दोन-तीन तास झोप, परत ड्युटी. अशी एक मुलगी आमच्याकडे होती. पहाटे चारच्या राउंडला मी गेले तर ती ट्रॉलीला टेकून उभ्या उभ्या झोपली होती, हातात पोटॅशियमची वायल. वायल हलकेच काढून घेतली तेव्हा दचकून म्हणाली, ‘मॅडम, मी जागीच आहे.’ ती वायल डायल्यूट न करता गेली असती तर पेशंट तिथेच गेला असता. तुमची मुलगी अशी असेल, तर ती रात्रपाळीला नाही का म्हणत नाही ते कळलं असेल. तिला रात्रपाळीच हवी आहे. अशा वेळी सहीखालच्या पदवीपेक्षा मोठा धोका तुमच्या आयसीयूत वर्षभर चालू आहे, आणि त्या रोस्टरवर सही तुमची आहे.

दुसरी शक्यता, ती कॉलेजला गेलेलीच नाही. ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. फी भरायची, परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं, हजेरी तिथला क्लार्क लावतो. मान्यतेत हे कुठेही बसत नाही, तरी चालतं, आणि जाहिराती करून चालतं. विद्यापीठाने तिला पास केलं तर ती पदवी आहे, तुम्ही-मी ती रद्द करू शकत नाही. पण कॉलेजच्या हजेरीपटावर आणि तुमच्या मस्टरवर एकाच दिवशी, एकाच वेळेला तिच्या सह्या असतील, तर त्यातली एक खोटी आहे.

तिसरी शक्यता, ॲडमिशनच नाही. ‘एक विषय राहिलाय’ हे सगळ्यात सोयीचं खोटं आहे, कारण त्याला कागद लागत नाही आणि पुढची तारीख हातात असते. विंटर गेला की समर.

तिन्हींतलं खरं कुठलं, हे ओळखायला गुप्तहेर व्हावं लागत नाही. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मागा. दुसऱ्या वर्षाची एका विषयासाठी अडकली असेल, पहिल्या वर्षाची तर हातात असणारच. त्यावर पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, असतो, परीक्षेचं सत्र असतं. त्या सत्राचं तुमचं रोस्टर काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. फायली तपासायचं माझं अर्धंअधिक काम एवढंच आहे. पदवीचा कागद मी सगळ्यात शेवटी बघते, आधी तारखा एका रेघेत मांडते: दहावी, बारावी, जीएनएमचा प्रवेश, निकाल, नोंदणी, पहिली नोकरी, दुसरी नोकरी. खोटं असलं तर तिथेच दोन तारखा एकमेकींवर चढलेल्या सापडतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जीएनएमचा निकाल एका वर्षाचा आणि ‘स्टाफ नर्स’ म्हणून अनुभवाचा दाखला त्याच्या दोन वर्षं आधीपासूनचा. मुलगी खोटं बोलत नसते बरं का. शिकत असताना रात्री एखाद्या नर्सिंग होमला ती खरंच काम करत होती. डॉक्टरांनी मायेने दाखला दिला आणि पद लिहिलं स्टाफ नर्स. नोंदणीआधीचं काम नर्स म्हणून धरत नाहीत, हे त्या डॉक्टरांना सुचलं नाही.

हे गुणपत्रिका मागणं तुम्ही एकटीने करू नका. सुपरिंटेंडंटना सोबत घ्या, नाहीतर उद्या ‘इन्चार्जचा माझ्यावर राग होता’ एवढ्यावर सगळं वाहून जाईल.

मुलीला दुबई-सौदीची स्वप्नं असतील तर तिला हेही कळू द्या. आखाती देशांत लायसन्ससाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी लागते. ते तुमच्या झेरॉक्सकडे बघत नाहीत. विद्यापीठाला, कौन्सिलला आणि आधीच्या रुग्णालयाला थेट विचारतात. कॉलेजच्या तारखा आणि नोकरीच्या तारखा तिथे एकाच कागदावर येतात. अहवाल उलटा आला तर एजंटला दिलेले पैसे तर गेलेच, तो शेरा पुढच्या अर्जांनाही चिकटतो. आमच्या एका सिस्टरच्या अनुभवाच्या दाखल्यात फक्त आठ महिने वाढवलेले होते, तेही तिने मागितले नव्हते. तिचं तिकीट काढायचं बाकी होतं.

हे दुखणं आपल्याच देशाचं आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ उघड झालं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी मिळून ७,६०० च्या वर बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्याचं त्यात निघालं. त्या घेतलेल्यांपैकी साधारण २,४०० जण लायसन्सची परीक्षाही पास झाले होते. मला त्यातला हा आकडा सारखा आठवतो. शिक्षण न घेता परीक्षा पास होता येते, आणि नंतर हाताला चांगली आहे असं इन्चार्जही म्हणते.

आता थोडं माझंच. मेट्रन असताना एका मुलीची गुणपत्रिका बनावट निघाली. मुलगी गरिबाची, बाप नाही, भाऊ शिकतोय. व्यवस्थापन म्हणालं, पोलीस नको, पेपरात येईल. मीही म्हटलं, कशाला आयुष्य बरबाद करायचं? राजीनामा घेतला आणि रिलीव्हिंग लेटर दिलं. त्यावर मीच सही केली: ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक समाधानकारक.’ दीड वर्षाने दुसऱ्या गावच्या रुग्णालयातून मला फोन आला. त्या बाई विचारत होत्या, ‘मॅडम, तुमच्या सहीचं पत्र आहे, आम्ही त्यावरच घेतली. तुम्हाला माहीत होतं का?’ मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण त्या पोरीला जे पुढचं दार उघडलं ते माझ्या पत्राने उघडलं. तेव्हापासून बनावट कागद निघाला की मी गप्प राजीनामा घेत नाही. कौन्सिलला लेखी जातं. पोलिसांत जायचं का ते व्यवस्थापनाने ठरवावं, पण रिलीव्हिंग लेटरवर मी खोटं लिहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. बनावट कागद तयार करणं, तो खरा म्हणून वापरणं आणि त्यावर फायदा घेणं हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत येतं: फसवणूक कलम ३१८, बनावटीकरण ३३६, बनावट कागद खरा म्हणून वापरणं ३४०. जुने लोक ४२०, ४६५, ४७१ म्हणतात ते हेच. तुमच्या प्रकरणात बनावट कागद नसेल, तर हा मामला सेवाशर्ती आणि शिस्तभंगाचा. मात्र बी.एस्सी. म्हणून तिला पगारात जास्तीचे पैसे मिळत असतील तर वजन वाढतं. पगाराची स्लिप बघा. आमच्या भागातल्या खासगी रुग्णालयांत हा फरक दीड-दोन हजारांच्या पुढे क्वचितच जातो, आणि एवढ्यासाठी लोक नोकरी पणाला लावतात. याच्या उलटही असतं, पदवी लपवणं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात पंजाब नॅशनल बँकेच्या शिपायाचं प्रकरण गेलं होतं. पदासाठी पदवीधर चालत नव्हता, त्याने पदवी लपवली, आणि न्यायालयाने बँकेची बाजू घेतली. बी.एस्सी. मुली कमी पदावर लागायला पदवी दाखवत नाहीत, त्यांनाही हे लागू आहे. जास्त शिकलेली आहे म्हणून खोटं माफ होत नाही.

एचआरला कसं तोंड द्यायचं? तोंडाने नाहीच. ‘राहू द्या’ हे त्यांनी तुम्हाला बोलून सांगितलं ना? मग आज संध्याकाळी एक साधा मेल टाका. आवाज न चढवता, चारच ओळी: फायली लावताना ही तफावत दिसली, आपल्याशी बोलणं झालं, आपण निकालापर्यंत थांबावं असं सुचवलंत, मी नोंदणीकृत अर्हता जीएनएम धरून प्रिव्हिलेज शीट (कुठली कामं करायची मुभा आहे त्याचा तक्ता) भरत आहे, वेगळी सूचना असल्यास लेखी द्यावी. सुपरिंटेंडंटना प्रत. मी सांगते, लेखी सूचना येणार नाही. उलट दोन दिवसांत फॉर्म बदलून मिळेल.

आणि तपासणीची भीती घालवा. असेसर, म्हणजे तपासणीला येणारे, फायली नमुन्याने काढतात, आणि क्रेडेन्शियलिंग-प्रिव्हिलेजिंगचं, म्हणजे अर्हता पडताळली का आणि कामाची मुभा कशावर दिली, ते हमखास विचारतात. पण फाइलमध्ये ‘आमच्याच लक्षात आलं, या तारखेला दुरुस्त केलं’ असा कागद असला तर बहुतेक असेसर मान हलवून पुढे जातात. दुरुस्तीच्या कागदावरून कुणी नापास झालेलं मी बघितलेलं नाही. नापास होतात ते वेगळ्या कारणाने. असेसर बेडसाइडला येऊन मुलीला सहज विचारतो, ‘सिस्टर, कुठल्या कॉलेजच्या?’ आणि ती आधी इन्चार्जकडे बघते.

तिची प्रिव्हिलेज शीटही काढा. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइनची काळजी, हाय-अलर्ट औषधं, रक्त देताना दुसरी सही. यातलं बहुतेक प्रशिक्षण आणि अनुभवावर दिलेलं असतं, पदवीवर नाही, त्यामुळे तिच्याकडून काही काढून घ्यावं लागेल असं नाही. विद्यार्थिनींची प्रिसेप्टर (वॉर्डात शिकवणारी) किंवा शिफ्ट इन्चार्ज बी.एस्सी. म्हणून केली असेल तर तेवढं थांबवा. बीएलएस-एसीएलएसची, म्हणजे हृदय थांबल्यावर करायच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणाची, कार्डंही त्याच झटक्यात बघून घ्या. दोन वर्षांची मुदत असते, आणि तारखेवर अंगठा ठेवून झेरॉक्स काढलेलं कार्ड मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

राहिलं तिच्याशी बोलणं. गुणपत्रिका आल्याशिवाय बोलू नका आणि नर्सिंग स्टेशनवर तर अजिबात नको. ‘तू खोटं का लिहिलंस’ने सुरुवात केलीत तर रडू येईल आणि उत्तर येणार नाही. मी असं विचारते: ‘कॉलेज कुठलं गं? जातेस कशी? झोपतेस कधी?’ तिसऱ्या प्रश्नाला खरं बाहेर पडतं. पहिली शक्यता खरी निघाली, तर सुपरिंटेंडंटकडे तिच्यासाठी अभ्यासरजेचा शब्द टाका, रात्री लगेच कमी करा, आणि तिच्याकडून नवीन स्वयंघोषणा घ्या: अर्हता जीएनएम, पोस्ट बेसिक अपूर्ण. ‘शिकत आहे’ असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. निकाल लागून पदवी मिळाली की कौन्सिलकडे वाढीव अर्हतेची नोंद होते, मग फाइल बदला. दुसरी किंवा तिसरी निघाली तर सुपरिंटेंडंटनी पुढचं लेखी चालवायचं, तुम्ही साक्षीला.

एवढं करा, तिची नाइट ज्या सकाळी संपते त्या सकाळी आठला तिला केबिनमध्ये बोलावू नका. घरी जाऊ द्या, झोपू द्या. दुपारी चारला बोलवा. चहा आधी सांगा, फाइल नंतर उघडा.